तंतु आणि राळ यांमधील सांध्याची परीक्षा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं नववींतील एका विद्यार्थ्यानें एक तुटका तुकडा आणून आमच्या मेजावर ठेवला. तो त्याच्या वडिलांच्या फायबरच्या होडीचा होता. होडी धक्क्यावर आपटून तिचा कांठ फुटला होता. “सर, कांच ठिसूळ आणि वाळलेली राळहि ठिसूळ, मग दोहोंची मिळून होडी कशी होते? आणि होते तर ही फुटली कां?” असें त्यानें विचारलें. प्रश्न मार्मिक होता. तासाभरांत त्याचें उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं, म्हणून तें येथें देण्याचा यत्न करितों.

तुकडा भिंगाखालीं धरितांच फुटलेल्या कडेवर पांढऱ्या केसांसारखे कांचेचे तंतु दिसले. कांहीं कडेशींच तुटलेले होते. कांहीं मात्र लांबच लांब, अंगावर राळेचा कणहि नसलेले, म्यानांतून तलवार निघावी तसे निसटून आलेले होते. सर्व मर्म या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंत आहे.

ज्यांनीं मातीच्या भिंती लिंपिल्या आहेत त्यांस हें तत्त्व नवें नाहीं. नुसती माती वाळतांना तडकते, म्हणून तींत भुसा किंवा गवताचे तुकडे कालवितात. ओढ गवत सोसतें. पण ती गवतापर्यंत पोंचविते त्याला चिकटलेली माती. होडींतहि तसेंच. भार प्रथम जिला कारखान्यांत रेझिन म्हणतात त्या राळेवर येतो आणि दोघांच्या सांध्यावाटे तंतूंत शिरतो. सांधा सुटला तर कितीहि बळकट तंतु असला तरी तो निरुपयोगी.

हा सांधा किती ताण सोसतो हें मोजावयाचें कसें? एक उदाहरण घेऊं. तंतूचा व्यास ०·०१५ मिलिमीटर आहे आणि त्याचें ०·२ मिलिमीटर टोंक राळेंत रुतलें आहे असें समजा. परिघास लांबीनें गुणिलें म्हणजे सांध्याचें क्षेत्र सुमारें ०·००९४ चौरस मिलिमीटर येतें. ०·३ न्यूटन जोरानें, म्हणजे सुमारें ३० ग्रॅम वजनानें, ओढतांच तंतु निसटला, तर सांध्याची शक्ति दर चौरस मिलिमीटरला सुमारें ३२ न्यूटन झाली. आतां तेंच टोंक ०·४ मिलिमीटर रुतवा. निसटण्यास दुप्पट जोर लागेल. परंतु दर चौरस मिलिमीटरला २००० न्यूटन सोसणारा तंतु त्यापूर्वींच तुटेल! म्हणून असे प्रयोग फार आंखूड टोंकांवर करावे लागतात.

दुसरी रीत अधिक चतुर आहे. राळेच्या पट्टींत एकच तंतु पुरून पट्टी हळूहळू ताणितात. तंतु तुटतो, त्याचे तुकडे पुन्हां तुटतात, आणि शेवटीं ते इतके आंखूड होतात कीं राळ त्यांस तोडण्याइतका जोर पोंचवूंच शकत नाहीं. सांधा घट्ट असेल तर तुकडे आंखूड, सैल असेल तर लांब. या हिशेबाची मांडणी केली व टायसन यांनीं १९६५ सालीं केली.

परंतु या दोन्ही रीतींनीं मिळते ती सरासरी. सांध्यावरील ताण सर्वत्र सारखा नसून तो तंतूच्या टोंकांजवळ सर्वांत अधिक असतो, हें कॉक्स यांनीं १९५२ सालींच गणितानें दाखविलें होतें. तो बिंदूबिंदूला पाहण्यास आपल्याच देशांतील एक शोध उपयोगी पडला. १९२८ सालीं चंद्रशेखर व्यंकट रामन यांस कलकत्त्यास जो परिणाम आढळला आणि ज्याच्या स्मरणार्थ आपण २८ फेब्रुवारीस विज्ञानदिन पाळतों, तोच हा. केवलार किंवा कार्बन यांच्या तंतूवर लेसरचा किरण टाकिला असतां विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटांत कांहीं ठराविक रेषा दिसतात. तंतु ताणला कीं त्या सरकतात. पारदर्शक राळेंत पुरलेल्या तंतूवरून किरण पुढें पुढें नेला म्हणजे ताण कोठें किती चढला तें कळतें, आणि जेथें चढ उभा तेथें सांध्यावर जोर अधिक. होडीच्या कांचेस मात्र ही युक्ति तितकीशी लागू पडत नाहीं, कारण तिच्या रेषा स्पष्ट नसतात.

१९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संयुक्त परीक्षेंत अनेक प्रयोगशाळांनीं तोच तंतु व तीच राळ घेऊन मोजमाप केलें, आणि त्यांचे आंकडे परस्परांपासून बरेच भिन्न आले. त्यांनीं ते जसेच्या तसे छापले. प्रयोगवहींत शेजाऱ्याचा आंकडा उतरून घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य वाचावें.

सांधा अतिशय घट्ट असणेंहि बरें नव्हे. मग भेग तंतूंतून सरळ आरपार धांवते. थोडें सुटणें, थोडें घसरणें यांतच आघाताचा जोर जिरतो.

आतां होडीकडे वळूं. कांचतंतूंवर कारखान्यांतच सिलेनचा पातळ लेप देतात, तो कांच व राळ यांस जोडतो. पण पाणी मुरत गेलें म्हणजे ही जोड सैल होते. आमच्या तुकड्यांतील उघडे तंतु सैल सांध्याची साक्ष देत होते. दोष पाण्याचा, वयाचा कीं राळ कालविणाराचा, हें तेवढ्यावरून सांगतां येईना, व तसें आम्ही त्या मुलाच्या वडिलांस स्पष्ट सांगितलें. ओल्या कडेवर नवी राळ थापूं नका, इतकेंच विनविलें. मासेमारीचे दिवस बुडणार म्हणून ते प्रथम कष्टी झाले. परंतु होडी छपराखालीं ओढून त्यांनीं ती पुरती वाळूं दिली, फुटकी कड दूरवर उतरती घांसली आणि मगच तीवर कांचेचें कापड व राळ यांचे थर चढविले. तो तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे; ज्यास पाहावयाचा असेल त्यानें भिंग मागून घ्यावें.