परदेशी गेलेल्या वृद्धांचे मनःस्वास्थ्य

खासबाग, शहापूर, वडगाव हा भाग विणकरांचा. येथे म्हाताऱ्या माणसास एकटे बसावयाचे म्हटले तरी कोणी बसू देत नाही! अशा गल्ल्यांतील कित्येक मुले आज परदेशांत नोकरीस आहेत व आईवडिलांस तिकडे नेऊ पाहतात. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

अमेरिकेच्या १९६५ सालच्या कायद्याने आशियाई लोकांस तेथे वाव मिळाला. तेथील नागरिक झालेल्या सज्ञान मुलास आईवडिलांना कायमचे नेता येते. इंग्लंडने मात्र २०१२ पासून हे नियम फार कडक केले.

तिकडे सुखसोयींस तोटा नसतो. परंतु मुलगा-सून सकाळीच कामावर जातात, मोटारीवाचून बाहेर पडता येत नाही, शेजाऱ्याची भाषा कळत नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. येथे सायंकाळी सहाला कट्ट्यावर मंडळी जमतात, तेव्हा तेथे सकाळचे साडेसात. आणि तेथे सायंकाळ होते तेव्हा येथे सारे गाढ झोपेत!

आधार म्हणजे नुसते जेवणखाण व औषधपाणी नव्हे. घरात माणसे किती, यापेक्षा आपले कोणी ऐकणारे आहे असे वाटणे मनास अधिक तारते, असे संशोधनातही दिसून आले आहे. ज्याच्या शब्दाने गल्लीतील तंटे मिटत, त्यास तिकडे कोणी काही विचारीत नाही. हेच दुःख मोठे, असे आम्हांस वाटते.

आपले वृद्ध ‘मन उदास आहे’ असे म्हणत नाहीत. छाती जड झाली, पाय दुखतात, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, असे सांगतात. हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, कशातच रस उरला नाही, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असली तरीही असेच होते. म्हणून आधी रक्त तपासावे. नैराश्य हा आजार आहे व तो उपचाराने बरा होतो. मुले परदेशी गेल्याने येथेच एकटे राहिलेल्यांसही हे लागू आहे. त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. अशा मंडळांचा गणेशोत्सव मोठा खरा, पण वर्षाकाठच्या आरतीने आठवडा सरत नाही. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी मुलास एवढे विचारून घ्यावे : आपल्या वयाचे, आपल्या भाषेचे कोणी पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे काय? नसल्यास आठवड्यातून एकदा तेथवर नेऊन कोण सोडील?