मागच्याला दिसतं, आपल्याला नाही

जुलै महिना. तारापूर एमआयडीसीतली जनरल शिफ्ट आटोपून मी बोईसरहून पालघरला घरी निघालो होतो. पावसाने अंधार लवकर केला होता. उमरोळीच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. पाठोपाठ टायर घासल्याचा आवाज आला आणि कामगारांनी भरलेली एक बस माझ्या डिकीपासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. ड्रायव्हर भर पावसात खाली उतरला. “काका, तुमची ब्रेक लाइट लागतच नाही. मला कळणार कसं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाराच दिवसांपूर्वी मी दोन्ही बल्ब नवे बसवून घेतले होते. बल्ब बदलला म्हणजे दुरुस्ती झाली, असं धरून मी रोज त्या रस्त्याने ये-जा करत होतो. आधीचे बल्ब का गेले, हे विचारायचं राहून गेलं होतं.

माझी गाडी एमएच ०४ पासिंगची, पालघर जिल्हा होण्याच्या आधीची. त्या रविवारी ओळखीच्या वायरमनला सोबत घेऊन मी टेललाइट उघडली. काच आणि पत्रा यांच्यामधलं रबर कडक होऊन तडकलं होतं. काचेच्या तळाशी बोटाचं पेर बुडेल एवढं पाणी साचलं होतं. होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवा कळंक चढला होता. डिकीच्या आत अर्थिंगची वायर ज्या स्क्रूने पत्र्याला जोडलेली असते, तो स्क्रू गंजून वायर नुसती लटकत होती. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. किनारपट्टीवरच्या जुन्या गाडीत दोष बहुधा बल्बपेक्षा अशा जोडांतच लपलेला असतो. पॉलिश पेपरने पट्टी आणि पत्रा घासून लख्ख केला, स्क्रू आणि रबर नवं घातलं. तेच बल्ब पुन्हा लावले आणि दोन्ही लागले.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. तुम्हीही पाळा.

आधी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा आणि काय लागतं, काय नाही, ते नीट विचारा. एकाच बाजूची लाइट बंद असेल तर बल्ब, होल्डर आणि त्या बाजूचं अर्थिंग तपासा. दोन्ही बाजू बंद असतील तर आधी फ्यूज पाहा. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइटचा फ्यूज एकच असतो. अशा गाडीत हॉर्नही बंद असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

फ्यूज चांगला असेल तर ब्रेक पेडलच्या वरचा स्विच पाहा. जुन्या, दोन वायरींच्या स्विचचा कनेक्टर काढून त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडा. लाइट लागली तर स्विच खराब आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल किंवा टेललाइट मंदावत असेल, तर अर्थिंगचा संशय घ्या. पाय काढल्यावरही ब्रेक लाइट जळतच राहिली, तर पेडलवरचा छोटा रबरी गट्टू तुटलेला असू शकतो. त्याचे तुकडे बहुधा पायाखालच्या मॅटवर सापडतात. लाइट तशीच जळत राहिली तर रात्रभरात बॅटरी उतरते.

बल्ब घेताना जुना सोबत न्या. दोन तारांच्या बल्बमध्ये ५ वॅटची तार टेललाइटची आणि २१ वॅटची ब्रेकची असते. त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली केलेल्या असतात. जोर लावून उलटा बसवला तर टेललाइटच प्रखर जळते आणि ब्रेक दाबल्याचं मागच्याला कळत नाही.

आणि फ्यूजला तार गुंडाळू नका, मोठ्या अँपिअरचा फ्यूजही घालू नका. फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवण्यासाठी. त्याला अडवलं तर जळते ती वायर, आणि ती आसनांखालून, पेट्रोलच्या टाकीच्या जवळून गेलेली असते.

खासगी गाडीची तपासणी पंधरा वर्षांनी होते, मग दर पाच वर्षांनी. बल्बची तार मात्र आज संध्याकाळीही तुटू शकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येते. चिल्हार फाट्याला महामार्गावर वळताना किंवा वाघोबा खिंड उतरताना मागे ट्रेलर असेल, तर हा एक सेकंद फार मोठा असतो.

ब्रेक लाइट ही गाडीतली अशी वस्तू आहे, जी लावतो आपण आणि बघतो दुसरा. म्हणून मी आता रोज संध्याकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये भिंतीला पाठ करून गाडी लावतो, ब्रेक दाबतो आणि आरशात पाहतो. भिंतीवर दोन लाल डाग उमटले की निघतो. एकटे असलात तरी हे जमतं, पैसा लागत नाही.

आणि पुढच्या गाडीची लाइट बंद दिसली, तर सिग्नलला किंवा नाक्यावर काच खाली करून त्याला सांगा. त्या बस ड्रायव्हरने मला सांगितलं, म्हणून मला कळलं.