एक सेल का दगावला? लिथियम बॅटरीतून शिकूया कारण शोधायला



"सर, बॅटरी खराब झाली." हे वाक्य आपण रोज ऐकतो. मोबाईल, टॉर्च, ई-रिक्षा, फवारणी पंप, सगळीकडे तेच. पण 'खराब झाली' हे उत्तर नाही, ती तर प्रश्नाची सुरुवात आहे. काय खराब झालं? कशावरून कळलं? आणि का झालं? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत, हे मुलांच्या लक्षात आणून देणे हा आजच्या पाठाचा हेतू. पाठ उच्च प्राथमिक वर्गांसाठी आहे, पण पालकांनीही शेवटपर्यंत वाचावा, कारण विषय घरातल्या सुरक्षिततेचा आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. आपल्या नागपुरात तर मे २०१७ मध्येच विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला होता. आता या बॅटऱ्या गल्लोगल्ली आहेत आणि जुन्या लॅपटॉपचे सेल काढून घरीच पॅक बनवणारी हौशी मंडळीही वाढली आहेत.

आधी थोडी ओळख

लिथियम आयन सेल १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत मिळणारा गोल सेल १८६५० नावाने ओळखला जातो. हे नाव म्हणजे त्याचे मापच आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि साधारण ३ व्होल्टच्या आसपास आला की रिकामा समजायचा. त्याहून फार खाली गेला तर त्याला कायमची इजा होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपले उदाहरण

समजा, एका शेतकरी पालकाने फवारणी पंपासाठी सहा सेलचा पॅक बनवला. दोन-दोन सेल समांतर जोडून तीन जोड्या, आणि त्या तीन जोड्या एकामागे एक. पूर्ण चार्ज १२.६ व्होल्ट. सोबत बॅटरीवर लक्ष ठेवणारा छोटा बीएमएस बोर्ड. सुरुवातीला पंप तीन तास चालायचा, आता सव्वा तासात बंद पडतो. चार्जरचा दिवा मात्र हिरवा होतो. मग बिघाड कुठे?

पायरी १ : आधी मीटरवर शंका घ्या

३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदले गेले. बातमी देशभर गेली. नंतर हवामान खात्याने सांगितले की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी शहरातल्या दुसऱ्या केंद्राची नोंद ४४ अंशांच्या आसपास होती. मुलांना हे उदाहरण जरूर सांगा. मल्टिमीटरची स्वतःची बॅटरी उतरलेली असेल तर तोही चुकीचे आकडे दाखवू शकतो. म्हणून पहिल्यांदा नवा कोरा पेन्सिल सेल मोजा. दीड व्होल्ट किंवा किंचित जास्त आले, तर मीटर ठीक आहे असं समजून पुढे जा.

पायरी २ : एकच आकडा पुरत नाही, तीन वेळा मोजा

डॉक्टर जसे उपाशीपोटी आणि जेवल्यावर अशी साखर दोनदा तपासतात, तसेच सेलचेही. पूर्ण चार्जनंतर, पंप चालू असताना आणि काही दिवस नुसता ठेवल्यावर, अशा तीन नोंदी घ्यायच्या. कारण तीन वेगवेगळे आजार तीन वेगवेगळी लक्षणे दाखवतात:

- सेलची साठवण कमी झाली असेल, तर तो चार्ज होताना सगळ्यांच्या आधी भरतो आणि वापरताना सगळ्यांच्या आधी रिकामा होतो. लहान लोटा लवकर भरतो, लवकर संपतो, तसं.
- जोड सैल असेल किंवा सेलचा अंतर्गत रोध वाढला असेल, तर पंप चालू करताच त्याचा व्होल्टेज धाडकन खाली येतो आणि बंद करताच बराचसा परत वर जातो.
- सेल आतून झिरपत असेल, तर तो चार्जच्या शेवटीही मागे असतो आणि वापराच्या शेवटीही मागेच. नुसता पडून राहिला तरी उतरत जातो. बुडाला बारीक भोक पडलेल्या माठासारखा.

आता आपल्या पॅकच्या नोंदी बघू.

पूर्ण चार्जनंतर: पहिली जोडी ४.२०, दुसरी ४.२०, तिसरी ३.७१.
पंप सुरू करताच: तिन्ही जोड्या साधारण ०.१ व्होल्टने उतरल्या.
पंप बंद पडला तेव्हा: पहिल्या दोन ३.७८, तिसरी २.८५.

इथे थांबून मुलांना विचारा, "तुम्हाला काय दिसतं?" तिसरी जोडी भरतानाही मागे, संपतानाही मागे. म्हणजे 'लहान लोटा' नाही. पंप सुरू करताच तिन्ही जोड्या सारख्याच उतरल्या, म्हणजे सैल जोडही नाही. राहिला झिरपणारा माठ.

हिरव्या दिव्याचे कोडेही इथेच सुटते. पहिल्या दोन जोड्या भरल्या की बीएमएस त्यांना वाचवायला चार्जिंगच तोडतो. प्रवाह थांबला की चार्जरला वाटते काम झाले, आणि तो हिरवा दिवा लावतो. तिसरी जोडी मात्र अर्धवट उपाशीच राहते. वापरताना तीच आधी रिकामी होते आणि बीएमएस पंप बंद करतो. बाकीच्या चार सेलमध्ये अर्ध्याहून जास्त ऊर्जा शिल्लक असून उपयोग शून्य.

पायरी ३ : दोघांपैकी नेमका कोण?

समांतर जोडलेल्या दोन सेलचा व्होल्टेज एकच दिसतो. त्यामुळे जोडलेले असताना आजारी कोण हे मीटर सांगू शकत नाही. शिवाय अजून एक संशयित आहे: बीएमएस बोर्ड. तोही एखाद्या जोडीतून हळूहळू वीज खात असू शकतो. म्हणून माहीतगार माणसाने ते दोन सेल पॅकपासून आणि एकमेकांपासून वेगळे केले, दोन्ही ४.१० पर्यंत भरले आणि आठ दिवस सावलीत ठेवले.

आठ दिवसांनंतर: एक सेल ४.०९, दुसरा ३.८८.

बोर्ड जोडलेला नसतानाही दुसरा सेल उतरला. म्हणजे बोर्ड निर्दोष आणि जोडीदार सेलही निर्दोष. तो बिचारा स्वतःची वीज शेजाऱ्याच्या भोकात ओतत होता!

पायरी ४ : पण का?

बरेच जण इथे थांबतात. सेल बदलला, झालं. पण खरे शिक्षण पुढे आहे. पॅक बनवताना त्या पालकाने एक चांगली सवय पाळली होती. प्रत्येक सेल मिळाला तेव्हाचा व्होल्टेज त्याच्या अंगावर मार्करने लिहून ठेवला होता. पाच सेलवर ३.१ ते ३.४ असे आकडे होते. या सेलवर होता ०.९. हळूहळू चार्ज केल्यावर तो 'जिवंत' झाला म्हणून वापरला गेला.

सेलच्या ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो. व्होल्टेज फार खाली गेला की हे तांबे आतल्या द्रवात विरघळू लागते. पुन्हा चार्ज केले की ते भलत्याच जागी जमा होते. दोन बाजूंना वेगळे ठेवणाऱ्या पातळ पडद्यातून त्याचा बारीक पूल तयार होऊ शकतो आणि सेल आतल्या आत झिरपू लागतो. सेल फोडल्याशिवाय हे डोळ्यांनी दिसणार नाही, आणि सेल फोडायचा नाही. पण तिन्ही मोजमापे आणि अंगावरचा तो ०.९ एकाच दिशेने बोट दाखवतात.

म्हणजे हा सेल पंपात बिघडला नाही, तो बिघडूनच पॅकमध्ये आला होता. आणि धोका फक्त पंप लवकर बंद पडण्याचा नाही. आतला तो पूल मोठा झाला तर सेल तापून पेटू शकतो. त्यात आपला मे महिना! बऱ्याच सेलना चार्जिंगसाठी ४५ अंशांपर्यंतचीच मर्यादा दिलेली असते, आणि टिनाच्या छपराखाली दुपारी ती सहज ओलांडली जाते.

वर्गात काय करावे?

लिथियम सेल मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. तीन पेन्सिल सेलचा टॉर्च घ्या. दोन सेल नवे, एक वापरलेला. त्यांना क, ख, ग नावे द्या. मुलांना आधी अंदाज लिहू द्या. मग प्रत्येक सेल बल्ब बंद असताना आणि बल्ब चालू असताना मोजा. जुना सेल नुसता मोजताना बरा वाटतो, पण बल्ब लावताच उघडा पडतो. प्रयोग झाल्यावर जुना सेल काढून घ्या, नाहीतर तो गळतो. वहीत तीन रकाने हवेत: काय दिसलं, काय मोजलं, त्यावरून काय ठरवलं. हे तीन रकाने वेगळे भरता आले, की अध्ययन निष्पत्ती साध्य झाली समजा.

पालकांसाठी

- दोन व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम सेल 'जिवंत' करू नका.
- बॅटरी झोपताना, दाराच्या वाटेवर किंवा उन्हात चार्जिंगला लावू नका.
- फुगलेली, तापणारी किंवा नुसती ठेवूनही उतरणारी बॅटरी वापरातून काढा.
- पेटलीच तर सामान वाचवत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.
- जुने सेल घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

मुलांना गृहपाठ म्हणून एक प्रश्न द्या: "घरातली कोणती वस्तू बिघडली आणि तिचे खरे कारण तुम्ही कसे शोधाल?" उत्तरात 'खराब झाली' हा शब्द वापरायचा नाही, एवढीच अट. आलेली उत्तरे आम्हालाही नक्की कळवा.