प्रवाहमापकाची निगा : पाण्याच्या हिशेबाचा पाया

मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरील कनेरगाव नाका परिसरातून वाहणारी पैनगंगा पुढे ईसापूर धरणात अडविली जाते. धरणातील पाणी कालव्यांवाटे शेतापर्यंत पोहोचते. या प्रवासात पाणी ठिकठिकाणी मोजले जाते. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ अन्वये पाणीवापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने देण्याची तरतूद झाली. म्हणजेच मोजमापावर पाण्याचा वाटा आणि पाणीपट्टी या दोहोंचा हिशेब अवलंबून असतो. त्यामुळे मोजण्याच्या साधनांची निगा हा शेतकऱ्याच्या हक्काशी निगडित असा विषय आहे.

एका सेंटिमीटरचे मोल

चारीवरील लहान प्रवाह मोजण्यासाठी बहुधा त्रिकोणी खाच, म्हणजेच व्ही-नॉच, वापरतात. ९० अंशांच्या खाचेवर पाण्याची उंची २० सेंटिमीटर असता सेकंदाला सुमारे २५ लिटर पाणी वाहते. उंची २१ सेंटिमीटर झाली की ते सुमारे २८ लिटर होते. मोजपट्टी एक सेंटिमीटर खचली, तर उंची तितकीच अधिक वाचली जाते आणि बारा तासांच्या पाळीत सव्वा लाख लिटरहून अधिक न मिळालेले पाणी संस्थेच्या नावे लिहिले जाते. म्हणून पट्टीचे शून्य खाचेच्या तळटोकाच्या पातळीत आहे ना, हे प्रत्येक हंगामापूर्वी तपासून घ्यावे.

नित्याची कामे

खाचेच्या वरच्या बाजूस गाळ साचला की पाणी वेगाने येते आणि प्रत्यक्षात नोंदीपेक्षा अधिक वाहून जाते. यास्तव गाळ व गवत नियमित काढावे. खाचेची कड स्वच्छ व धारदार असावी आणि तिच्यावरून पडणारे पाणी खालच्या बाजूस न तुंबता मोकळे पडावे. मापनकूप असल्यास प्रवाहाशी जोडणारी त्याची नळी मोकळी आहे ना, हे पाहावे. ती तुंबली की कालव्यातील पातळी बदलूनही कुपातील पाणी स्थिर राहते. नदीवर वापरावयाचे करंट मीटर कामानंतर धुऊन, पुसून ठेवावे आणि त्याचे चक्र हलक्या फुंकरीनेही सहज फिरते की नाही ते पाहावे.

स्वयंचलित संवेदक

अलीकडे ध्वनिलहरींनी अथवा पाण्याच्या दाबावरून पातळी टिपणारे संवेदक बसविले जातात. त्यांनाही निगेची गरज असते. ध्वनिलहरींच्या मार्गात कोळ्याचे जाळे आले, तर पातळी खोटी वाढलेली दिसू शकते. दाबमापकाच्या हवानळीतील ओलावा शोषणाऱ्या पुडीचा रंग पालटला की ती बदलावी. सौर पट्टीवरील धूळ पुसावी व बॅटरी तपासावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक भेटीत संवेदकाचा आकडा मोजपट्टीशी ताडून पाहावा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत. तफावत आढळल्यास जुन्या नोंदी खोडू नयेत. दुरुस्तीची नोंद स्वतंत्र करावी.

सर्वांचा सहभाग

या कामी फार खर्च येत नाही. नियमितपणा मात्र हवा. पाणीवापर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी पाळी सुरू होण्यापूर्वी मापकस्थळाची संयुक्त पाहणी करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे नेऊन मोजपट्टी वाचावयास शिकवावे. मोजपट्टी वाचता येणारी माणसे गावोगाव असतील, तर कालव्याच्या शिरापासून शेपटापर्यंत प्रत्येकाला आपल्या वाट्याचे पाणी स्वतः पडताळून पाहता येईल.