आज्ञावलीची आवराआवर

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत एखादी किल्ली हरवली, तर ती शोधणे किती कठीण जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्याच वस्तू जागच्या हललेल्या असतात! अनेकांनी मिळून लिहिलेल्या संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे प्रोग्रॅमचेही असेच होते.

समजा, शिरूर व दौंड येथील विद्यार्थ्यांनी मिळून पावसाच्या नोंदींसाठी एक आज्ञावली लिहिली आहे. ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे कोणीही ती वाचावी आणि सुधारावी. शिरूरला घोडनदी असेही म्हणतात. म्हणून स्पष्टीकरणाच्या टिपांत कोठे ‘शिरूर’ आहे, कोठे ‘घोडनदी’. ओळींचा समास कोठे चार जागांचा, तर कोठे आठ. संगणकाचे काही अडत नाही. वाचणाऱ्याचे मात्र अडते.

शिरूरच्या एका विद्यार्थ्याने एका बैठकीत साठ ओळी नीटनेटक्या केल्या. जाता जाता इंचांचे मिलिमीटर करणारा २५.४ हा आकडा त्याला ओबडधोबड वाटला. त्याने तो २५ केला. दौंडची विद्यार्थिनी तपासू लागली. एकोणसाठ ओळींत नुसते समास आणि नावे! साठावी ओळ नजरेतून सुटली. आता तुम्हीच गणित करा. ४ इंच पाऊस म्हणजे ४ × २५.४ = १०१.६ मिलिमीटर. नवी आज्ञावली १०० सांगते, आणि तेही बिनदिक्कत! शिवाय त्यांतील काही ओळींवर दौंडलाही काम चालू होते. एकाच ओळीत दोघांचे दोन बदल, कोणता ठेवायचा?

यावरून मुख्य नियम ध्यानात येईल : आवराआवर आणि दुरुस्ती एकाच नोंदीत करू नये. लिनक्स या प्रचंड मुक्तस्रोत प्रकल्पातही प्रत्येक स्वतंत्र बदल वेगळा पाठवावा, असा दंडक आहे. आवराआवर करण्यापूर्वी सोबत्यांना सांगावे व त्यांचे हातातले काम आधी जमा होऊ द्यावे. समास किती, हे एकदा लिहून ठरवावे आणि ते काम शक्यतो यंत्राकडून करून घ्यावे. मग तीच माहिती जुन्या व नव्या आज्ञावलीला द्यावी. उत्तरात तिळाएवढाही फरक पडला, तर ती आवराआवर नव्हे!

आणखी एक अडचण पाहा. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ हे साधन तयार केले. कोणती ओळ शेवटी कोणी व केव्हा बदलली, हे ते सांगते. पण सरसकट आवराआवर झाली, की प्रत्येक ओळीपुढे आवरणाऱ्याचेच नाव येते आणि मूळ लेखक झाकला जातो. म्हणून २०१९ साली गिटमध्ये एक सोय झाली : अशा नोंदींचे क्रमांक एका यादीत लिहिले, की इतिहास शोधताना गिट त्यांना वगळते. अर्थात, ती नोंद निव्वळ आवराआवरीची असेल तरच ही यादी उपयोगी. नाहीतर २५ हा आकडा कोणी घातला, हेही झाकले जाईल.

विचार करा : पायथॉन या संगणकभाषेत समास हा व्याकरणाचाच भाग असतो. तेथे एक ओळ चार जागा आत सरकवली, तर ती आवराआवर होईल की दुरुस्ती? दहा ओळींची आज्ञावली लिहून स्वतः पडताळून पाहा.