तक्रारवही आणि किल्लीवही : दोन वह्या जोडल्या नाहीत तर?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, दुकानाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत असे कोणी विचारले, तर आपण झोपेतही उत्तर देऊ. एक आपल्याजवळ, एक मुलाजवळ. पण संगणकाच्या, बँकेच्या, जीएसटीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत असे विचारले, तर बहुतेक जण छताकडे पाहू लागतात. आम्हीही पाहत होतो. त्याची किंमत मोजली, म्हणून आजचा हा धडा.

मोर्शीत आमचे कापडाचे दुकान आहे. माल सुरत, मालेगाव, इचलकरंजीचा. किरकोळ विक्री होते आणि आसपासच्या खेड्यांतील काही दुकानदार आमच्याकडून घाऊक मालही नेतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा नोंदणीची सारी धावपळ आमच्या मुनीमजींनी केली. मोबाइल नंबर आणि ईमेल विचारला गेला, त्यांनी आपलाच दिला. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे मुनीमजी मुलाकडे नागपूरला राहायला गेले. आम्ही शाल देऊन, गळाभेट घेऊन निरोप दिला आणि दुकानाची किल्ली परत घेतली. जीएसटीची किल्ली मात्र त्यांच्या खिशातच राहिली.

दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, भरायचे असते. ओटीपी जायचा मुनीमजींच्या फोनवर. माणूस इमानदार. न चुकता फोन करून आकडे सांगायचे. एका महिन्यात ते दवाखान्यात भरती झाले आणि फोन बंद पडला. ११ तारीख गेली. १४ तारखेला आमच्या घाऊक गिऱ्हाइकांनी आपला जीएसटीआर-२बी पाहिला, तर त्यात आमची बिलेच नाहीत. त्यांना भरलेल्या कराची वजावट मिळेना. वीस वर्षांचे गिऱ्हाईक म्हणाले, "सेठ, आम्ही कर तुमच्या हाती दिला, तो गेला कुठे?" हा शब्द आमच्या जिवाला लागला. दोष मुनीमजींचा नव्हता, सरकारचाही नव्हता. दोष आमचा होता.

मग कळले की जीएसटीच्या तक्रार खिडकीवर तक्रार नोंदवता येते आणि तिला क्रमांकही मिळतो. पण तक्रार लिहून घेणारा नंबर बदलू शकत नाही. जुना मोबाइल आणि ईमेल हाती नसेल, तर कागदपत्रे घेऊन आपल्या भागाच्या कर अधिकाऱ्याकडे जावे लागते. तो ओळख पटवतो, मग बदल होतो. हे योग्यच आहे. नाहीतर कोणीही फोन करून आपल्या दुकानाची किल्ली आपल्या नावावर करून घेईल.

आमचा भाचा पुण्याला संगणक कंपनीत आहे. त्याला हे सांगितले तर तो हसला. म्हणाला, "मामू, तुमच्या दुकानाचा हा रोग हजारो माणसांच्या कंपन्यांनाही असतो. आम्ही तिथे त्याचंच औषध करतो." त्याने समजावले ते आमच्या भाषेत सांगतो.

मोठ्या कंपनीत दोन वह्या असतात. पहिली तक्रारवही. तिला हेल्प डेस्क म्हणतात. संगणक चालत नाही, पासवर्ड विसरलो, अमुक कार्यक्रम उघडून द्या, अशी प्रत्येक मागणी तिथे नोंदली जाते. त्या नोंदीला तिकीट म्हणतात. सर्व्हिसनाऊ, जिरा ही अशा वह्यांची नावे. दुसरी किल्लीवही. तिला आयडेंटिटी गव्हर्नन्स म्हणतात, म्हणजे कोण माणूस, त्याचे काम काय आणि त्याच्या हाती कोणकोणते अधिकार, याचा कारभार. सेलपॉइंट हे अशा वहीचे एक नाव.

दोन्ही वह्या वेगळ्या राहिल्या की घोटाळा होतो. तक्रारवहीवाला मागणी आली म्हणून किल्ली देऊन टाकतो आणि किल्लीवहीत त्याची नोंदच नसते. माणूस नोकरी सोडून जातो, किल्लीवही त्याचे नाव खोडते, पण तक्रारवहीतून मिळालेली किल्ली चालूच राहते. म्हणून दोन्ही वह्या जोडायच्या.

जोडणी अशी चालते. कामगार हेल्प डेस्कवर मागणी करतो. ती तिथून किल्लीवहीकडे जाते. किल्लीवही तीन गोष्टी पाहते. हा माणूस खरोखर आपला आहे काय? त्याच्या साहेबाची परवानगी आहे काय? ही किल्ली आधीच्या किल्लीशी मिळून धोका तर होत नाही? उदाहरणार्थ, नव्या माल-पुरवठादाराचे खाते उघडणारा आणि त्याच खात्यावर पैसे सोडणारा एकच माणूस नसावा. सारे ठीक असेल तरच पुढचे पाऊल.

पुढे दोन रस्ते आहेत. नवे संगणक-कार्यक्रम किल्लीवहीशी थेट बोलतात. त्यासाठी स्किम नावाची एक सर्वमान्य बोली असून तिची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा ठिकाणी किल्ली आपोआप दिली जाते आणि आपोआप काढली जाते. जुन्या कार्यक्रमांना ही बोली येत नाही. तिथे किल्लीवही उलट हेल्प डेस्कला तिकीट पाठवते की अमुक माणसाचे खाते हाताने बंद करा. माणूस ते काम करतो, तिकीट बंद करतो आणि ती खबर किल्लीवहीकडे परत येते.

भाच्याने चार ठिकाणी सावध राहायला सांगितले. एक, माणूस नावावरून ओळखू नका. एका कंपनीत चार शेख इरफान असतात. ओळख कर्मचारी क्रमांकावरून करावी. दोन, तार मध्येच तुटली तर तीच मागणी दोनदा जाते. म्हणून तिकिटाचा क्रमांक जपावा आणि पुन्हा पाठवण्याआधी तो विचारावा. तीन, दोन वह्या जोडणाऱ्या खात्याला गरजेपुरताच अधिकार द्यावा. नाहीतर तीच सगळ्या कुलपांची किल्ली होऊन बसते. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, तिकीट बंद झाले म्हणजे काम झाले असे समजू नका. काम झाले म्हणूनही तिकीट बंद होते आणि काम रद्द केले म्हणूनही. म्हणून त्या कार्यक्रमातून खात्यांची ताजी यादी मागवून किल्लीवहीशी पडताळावी. खाते खरोखर गेले असेल तरच नोंद पुरी.

शिवाय ठरावीक मुदतीने प्रत्येक साहेबासमोर त्याच्या माणसांची यादी ठेवली जाते आणि विचारले जाते, ही किल्ली याच्याकडे अजून लागते काय? नको असेल तर पुन्हा तिकीट, पुन्हा पडताळणी.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर मुंबईचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने आपल्या ब्रॅडी हाउस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा घोटाळा उघड केला. पुढे आकडा आणखी वाढला. ते प्रकरण हेल्प डेस्कचे नव्हते, पण रोग तोच, दोन वह्या न जोडल्याचा. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून जात होते. बँकेचे रोजचे हिशेब दुसऱ्या यंत्रणेत होते. दोन्ही आपसात जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे हमी बाहेर गेली आणि वहीत उमटली नाही. हमी देणाऱ्या खुर्चीवर तोच अधिकारी वर्षानुवर्षे होता. तो २०१७ मध्ये निवृत्त झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये नव्या माणसाने जुन्या पद्धतीची हमी द्यायला नकार दिला, तेव्हा कुठे गोष्ट फुटली. मग रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही यंत्रणा जोडण्याची मुदत दिली. स्विफ्टबाबतचे नियम न पाळल्याबद्दल मार्च २०१९ मध्ये ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड झाला.

आता आपल्या दुकानाचे काय? आपल्याला लाखो रुपयांची यंत्रणा नको. एक दोनशे पानी वही पुरे. आम्ही केले ते असे.

१) डाव्या पानावर मागणी : तारीख, कोणी मागितले, कशासाठी. उजव्या पानावर किल्ली : कोणाला दिली, कधी परत घेतली. डावे पान भरल्याशिवाय उजवे भरायचे नाही.

२) जीएसटी, बँक, आयकर, सगळीकडे मोबाइल आणि ईमेल मालकाचा.

३) ई-वे बिलासाठी मदतनिसाला आपला पासवर्ड द्यायचा नाही. तिथे उप-वापरकर्ता करता येतो आणि माणूस गेला की तो गोठवता येतो. टॅलीतही प्रत्येकाचे वेगळे नाव.

४) माणूस काम सोडेल त्या दिवशी त्याचा हिशेब चुकता करण्याआधी उजवे पान वाचायचे. एकेक किल्ली बंद करायची आणि स्वतः उघडून पाहायची की ती खरेच बंद झाली.

५) दर तीन महिन्यांनी साऱ्या नावांची उजळणी.

यात कोणावर संशय नाही. अधिकार ही अमानत आहे. ती ठेवणाऱ्याकडून वेळेवर परत घेतली नाही, तर ओझे त्याच्याही डोक्यावर राहते. आमचे मुनीमजी आजारपणातही आमच्या ११ तारखेची काळजी करत होते. आम्ही नंबर बदलून घेतला आणि त्यांना कळवले, तेव्हा ते म्हणाले, "सेठ, आज खरा मोकळा झालो."

आज दुकान बंद करण्याआधी एवढेच करा. कागदावर आपल्या सर्व किल्ल्यांची नावे लिहा आणि प्रत्येकीपुढे ती ज्याच्याजवळ आहे त्याचे नाव. जिथे पेन अडखळेल, तिथून सुरुवात करा.