ॲपमध्ये सगळी नोंद आहे, मग मुलाखत कशाला?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. दवाखान्यातून त्यांना साखरेची आणि गोळ्यांची नोंद ठेवणारं एक ॲप दिलं आहे. गेल्या महिन्यात एक संशोधक मुलगी घरी आली. तासभर त्यांच्याजवळ बसून "मग काय झालं?", "तेव्हा काय वाटलं?" असं विचारत राहिली आणि सगळं रेकॉर्ड करून गेली. एकूण पंचवीस जणांशीच बोलणार म्हणाली. नोंद तर ॲपमध्ये आहेच, मग या गप्पा कशासाठी? आणि पंचवीस जणांवरून काय सिद्ध होणार?
— एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन शंका आहेत, त्या एकेक करून घेऊ.

ॲपला नेमकं काय कळतं, ते आधी पाहू. सकाळी आठ वाजता 'गोळी घेतली' या खुणेवर बोट लागलं, एवढंच त्याला कळतं. बोट कुणाचं होतं, गोळी खरंच पोटात गेली की डबीतच राहिली, हे त्याला दिसत नाही. आजी वेळेवर गोळी घेऊन मोकळ्या होतात आणि नातू रविवारी बसून आठवड्याच्या खुणा एकदम करून टाकतो, असंही घरोघरी चालतं. नोंद खोटी नसते, पण ती फोनची असते. माणसाची असेलच असं नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो, हे क्षयरोगाच्या औषधांत दिसलं. '९९डॉट्स' नावाच्या पद्धतीत पाकिटातून गोळी बाहेर काढली की आत लपलेला एक फोन नंबर दिसतो. रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे डोस घेतल्याची नोंद होते. संशोधकांनी मुंबई, चेन्नईसारख्या शहरांत न कळवता रुग्णांच्या घरी जाऊन लघवीची तपासणी केली. कॉल न केलेल्या अनेकांच्या लघवीत औषध सापडलं, तर कॉल केलेल्या काहींच्या लघवीत ते नव्हतंच. नोंद आणि वस्तुस्थिती जुळत नाहीत, हे तपासणीने दाखवलं. का जुळत नाहीत, हे मात्र रुग्णांशी बोलल्यावरच उलगडलं. कुणाकडे स्वतःचा फोन नव्हता, कुणाला नंबर वाचता येत नव्हता, कुणी रोज रोज कॉल करून कंटाळलं होतं, तर कुणाला आपला आजार इतरांना कळण्याची धास्ती होती. आता पाहा, यातल्या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. 'कॉल आला नाही' या एका ओळीतून त्यांतला एकही सुचला नसता.

दुसरं उदाहरण आपल्या मध्य प्रदेशातलंच आहे. सरकारच्या 'किलकारी' सेवेत गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे आरोग्यसल्ल्याचे ७२ ध्वनिमुद्रित कॉल येतात. तिचा परिणाम तपासायला मंदसौर, राजगढ, तेव्हाचं होशंगाबाद आणि रीवा या चार जिल्ह्यांत सुमारे पाच हजार स्त्रियांची मोठी चाचणी झाली. पाळणा लांबवण्याची साधनं वापरण्यात थोडी वाढ दिसली, बाळाच्या स्तनपानात मात्र ठळक फरक दिसला नाही. असं का झालं असावं, हे समजून घ्यायला संशोधक घरांत जाऊन बसले आणि बायकोशी बोलले तसे नवऱ्याशीही बोलले. तेव्हा कळलं, की फोन घरात असला तरी बहुधा तो नवऱ्याचा असतो आणि बाईने तो किती वेळ, कुणाशी बोलायला वापरायचा यावर घराची नजर असते. कॉलमधला सल्ला घरच्यांच्या मताशी जुळला तर पटायचा, विरुद्ध गेला की घरातले बाकीचे आवाज वरचढ ठरायचे. कॉल किती मिनिटं ऐकला हे कॉल पाठवणारं यंत्र मोजतं. ऐकून झाल्यावर सासूबाई काय म्हणाल्या हे कुठलं यंत्र मोजणार?

आता पंचवीसचा आकडा. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी ही परीक्षा आहे असा समज असतो. पण ती म्हण चालते ती सगळी शितं सारखी असतात म्हणून. मुलाखत घेणारे उलट करतात, मुद्दाम वेगवेगळी माणसं निवडतात. रोज ॲप वापरणारी बाई, दोन दिवसांत ते काढून टाकणारे काका, मुलाच्या फोनवर अवलंबून असलेल्या आजी. अशी माणसं भेटत जातात तशा आधी नव्या गोष्टी कळतात, मग त्याच त्या पुन्हा ऐकू येऊ लागतात. चहात साखर घालत राहिलं की एका क्षणी ती विरघळायची थांबते, तसं. संशोधक याला संपृक्तता म्हणतात. घाना आणि नायजेरियातल्या साठ स्त्रियांच्या मुलाखती तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच आले होते. अर्थात, या मुलाखतींनी 'किती' हे कळत नाही. पंचवीसपैकी दहा जणांनी ॲप सोडलं, म्हणून इंदुरातले चाळीस टक्के लोक सोडतात असं कुणी छापलं, तर ते साफ चूक. 'किती' साठी मोठी पाहणी हवी, आणि 'का' आणि 'कसं' साठी ही मुलाखत.

"मग काय झालं?" हा प्रश्नही सहज आलेला नसतो. "ॲप आवडलं ना?" असं विचारलं की आपल्याकडची माणसं पाहुण्याचं मन राखायला "हो" म्हणतात. शिवाय इंदूरच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते. सासूबाई म्हणाल्या, "दुपारी घबराहट होते", आणि संशोधकाने 'चिंता' असं लिहिलं, तर अर्थच बदलला. "घबराहट म्हणजे नेमकं काय होतं?" असं विचारल्यावर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, खाल्लं की बरं वाटतं, असं कळलं, तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते आणि ते डॉक्टरांना सांगायला हवं. रेकॉर्डिंग यासाठीच करतात, की पुढे शब्द न् शब्द उतरवून काढता यावा. चांगल्या अभ्यासात मग दोघे जण तो मजकूर स्वतंत्रपणे वाचून त्यातले मुद्दे काढतात आणि पडताळून पाहतात. गप्पा आणि संशोधन यांत फरक पडतो तो इथे.

हे सगळं कामाचं असलं तरी आपल्या सासूबाईंचे हक्क त्याहून मोठे आहेत. संमती आधी घेतली पाहिजे, एखाद्या प्रश्नाला "नाही सांगत" म्हणता आलं पाहिजे, मध्येच थांबता आलं पाहिजे, आणि नकार दिला म्हणून उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये. संमतिपत्राची एक प्रत मागून घ्या. अशा अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीचा संपर्क त्यावर असायला हवा.

ती मुलगी पुन्हा आली, तर चहा देऊन आपण थोडा वेळ दुसऱ्या खोलीत बसावं, ही विनंती. सुनेसमोर सासू सगळं बोलत नाही, हे आपल्याला मी वेगळं सांगायला नको. आणि सासूबाईंना एवढंच सांगा, की ॲप चार दिवस उघडलंच नसेल तर तसंच सांगा. ती मुलगी तेच ऐकायला आली आहे.